गवरी, गोरी आणि शांता

लग्नाचे किस्से प्रत्येक घरात असतात. कुणाचे व्याही रुसलेले असतात, कुणाच्या पंगतीत वरण कमी पडलेलं असतं, आणि वर्षभर सांगून सांगून ते गुळगुळीत होतात. आमच्या गल्लीतल्या एका लग्नाचे किस्से मात्र पुढची चार-पाच वर्षं जमतच राहिले. कारण साधं होतं. सून घरात आली एका दिवसात, पण देशात यायला तिला चार-पाच वर्षं लागली.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. माझे यजमान शाळेत मास्तर होते आणि जुन्या जालन्यात एका मारवाडी शेठजींच्या माडीवर आम्ही भाड्याने राहत होतो. खाली त्यांचं धान्याचं दुकान, मागे घर. शेठजींना सगळी गल्ली बापूजी म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकीजी. बापूजींच्या आजोबांनी मारवाड सोडलं, पण सोयरिकी अजून तिकडच्याच चालायच्या. मोहन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याची सगाई लहानपणीच सिंधमधल्या, त्यांच्याच जातीच्या एका घरात झालेली. मग फाळणी झाली आणि होणारी सून पाकिस्तानात राहिली. लोक म्हणाले, सोडून द्या, इकडे मुली काय कमी आहेत? बापूजी म्हणाले, "जबान मी दिल्ती. सरहद्दीनं न्हाई दिल्ती."

तर मुलगी पासपोर्ट आणि थोड्या महिन्यांचा व्हिसा घेऊन, काकांच्या सोबतीने जोधपूरच्या गाडीने आली. 'ही माझी होणारी सून, माझ्या घरी राहील,' अशी हमी बापूजींनी पोलीस कचेरीत लिहून दिली. लग्न झालं, काका परत गेले, मुलगी राहिली. घरची रीत कडक होती. मोठ्या पुरुषांसमोर ती छातीपर्यंत घुंगट ओढायची आणि सासऱ्यांसमोर तोंडातून शब्द काढायची नाही. म्हणून कचेरीत तिच्या वतीने बोलायला मला नेत. मी सातवी शिकलेली होते आणि बोलायला कुणाला घाबरत नव्हते, एवढीच माझी लायकी.

* * *

तिचं माहेरचं नाव गवरी. तिकडे ते देवीचं नाव. इकडे गवरी म्हणजे शेणाची, चुलीत घालायची. काकीजींना ते मांडवातच खटकलं.

"रोज उठून सुनेला गवरी म्हणून हाक मारीन, अन् ऐकणारा कुणी बी खरीच गवरी आणून हातावर ठेवील," त्या म्हणाल्या.

मुलीचं नाव बदलायची रीत त्यांच्यात नव्हती. पण तीन पिढ्या जालन्यात काढल्यावर आमच्या बऱ्याच रीती त्यांनी उचलल्या होत्या, त्यातली ही एक. माझ्याकडून मोठं ताट नेलं, त्यात तांदूळ पसरले आणि मोहनने बोटाने लिहिलं, 'शांता'. सगळ्यांना आवडलं. त्या तांदळाची संध्याकाळी खीर झाली आणि सगळ्या गल्लीने ती खाल्ली.

सरकार तेवढं त्या पंगतीला नव्हतं.

* * *

व्हिसाची मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज केला होता. त्याची चौकशी करायला एक नवीन बदलून आलेले जमादार घरी आले. बापूजी आणि मोहन मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेले होते. काकीजी ओसरीवर डाळ निवडत होत्या आणि मी जिन्यात उभी होते. शांताने घुंगटातून जमादारांना पाण्याचा तांब्या दिला आणि ती आत गेली.

जमादार पाणी प्यायले, त्यांनी कागद काढला आणि विचारलं, "घरात गवरी हाय का?"

"हाय की," काकीजी म्हणाल्या. "परसात रचून ठेवल्यात."

"रचून?"

"पावसाळ्यात भिजत्यात न्हाई तर. किती पायजेत?"

जमादारांनी कागद पुन्हा वाचला. "मला एकच पायजे. पाकिस्तानची."

काकीजींनी सूप खाली ठेवलं. "पाकिस्तानची कशाला? आपल्या घरच्या म्हशीच्या हायत, खणखणीत वाळलेल्या. घिऊन जावा की."

मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून खाली उतरेपर्यंत जमादार निघून गेले होते. त्यांनी कागदावर लिहिलं, 'सदर नावाची बाई घरात मिळून आली नाही.'

त्याचं उत्तर महिन्याभरात आलं. गवरी नावाची परदेशी बाई मुदत संपूनही बेपत्ता आहे, सापडताच तिला सरहद्दीपार पाठवण्यात यावं. बापूजींनी ते दुकानाच्या पायरीवर उभ्या-उभ्या वाचलं आणि माझं हसू तिथेच थांबलं.

* * *

बापूजी धावत पोलीस कचेरीत गेले. तिथले अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, भले माणूस होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेठ, मला समजलं. पण कागदावर गवरी हरवलेली हाय अन् तुमच्या घरी शांता हाय. ही तीच म्हणून साबित होईपर्यंत दोघींच्या बी फायली चालू राहतील."

तोवर शांताने दर महिन्याला पोलिसात हजेरी द्यायची असं ठरलं.

त्यात आणखी भर पडली. जुने कागद सगळे उर्दूत, आणि आता कचेरीत मराठीत नकला काढायचं काम सुरू झालं होतं. उर्दूत गवरी, गौरी आणि गोरी हे तिन्ही शब्द सारखेच दिसतात. नक्कल करणाऱ्याने आपल्या मनाने 'गोरी' लिहिलं. पुढे कुणीतरी ते वाचून तिसरी फाईल उघडली. आता पोलिसांच्या लेखी बापूजींच्या घरात गवरी नावाची बेपत्ता बाई होती, गोरी नावाची संशयित बाई होती आणि शांता नावाची, कुठून आली ते माहीत नसलेली बाई होती.

काकीजी फुलके भाजत होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि शांताकडे बघून म्हणाल्या, "कागदावर तीन सुना, अन् चुलीपाशी एकच. ह्यात बी आपलंच नुकसान."

* * *

हजेरीच्या एका दिवशी शांताला उठवेना. तिला दिवस गेले होते, उभी राहिली की चक्कर यायची. हजेरी चुकली तर आणखी एक कागद निघेल अशी मोहनला धास्ती. तेव्हा काकीजींनी शांताची ओढणी घेतली, छातीपर्यंत घुंगट ओढला आणि म्हणाल्या, "चला मास्तरीणबाई. आतून कोण हाय ते कुणाला दिसतंय?"

आम्ही जाऊन बाकावर बसलो. तेच ते गवरी शोधायला आलेले जमादार लिहीत होते. एव्हाना ते ओळखीचे झाले होते. लिहिता लिहिता शेजारच्या शिपायाला सांगत होते, मुलगी बाळंतपणाला आली आहे, लेकराला दूध पुरत नाही, रात्रंदिवस रडून राह्यलंय.

घुंगटातून आवाज आला, "आळिवाची खीर दे म्हणावं. अन् गार पाण्याला हात लावू देऊ नको."

जमादारांचा टाक थांबला. त्यांनी घुंगटाकडे पाहिलं. "काकीजी?"

घुंगट आणखी खाली सरकला. मग म्हणाला, "न्हाई."

मी जमिनीकडे बघत बसले. जमादारांनी टाक दौतीत बुडवला, 'हजर' असं लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "गुळात का साखरेत?"

"गुळात," घुंगट म्हणाला.

* * *

तहसील कचेरीत एक पेशकार होते. साहेबांपुढे कोणता कागद कधी ठेवायचा हे त्यांच्या हातात, त्यामुळे साहेबांपेक्षा त्यांनाच लोक जास्त वचकून असत. शांताच्या पासपोर्टवर जन्माचा जिल्हा हैदराबाद असा लिहिलेला होता. सिंधमध्येही हैदराबाद आहे, ते हे. पेशकारांनी ते वाचलं आणि खूश झाले.

"शेठ, तुम्ही उगंच घाबरून राह्यले. बाई तर आपल्याच हैदराबादची निघाली."

बापूजी म्हणाले, "न्हाई साहेब. ते हैदराबाद सिंधमधलं. पाकिस्तानातलं."

"हैदराबाद एकच हाय," पेशकार म्हणाले. "मी तिथं शिकून आल्तो."

त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. आपली राजधानी तेव्हा हैदराबादच होती. चौकशीचा कागद तिकडे गेला, की अमुक गावी गवरी नावाची बाई जन्मली काय, तिचे आईबाप कोण, चालचलणूक कशी. कागद बरेच महिने फिरला. गावागावांत विचारलं असेल बिचाऱ्यांनी. शेवटी उत्तर आलं, 'या नावाचे गाव आमच्या हद्दीत नाही. सदर बाई जालन्याची असल्याचे दिसते. जालन्यात चौकशी करावी.'

आमचे हे म्हणाले, "बापूजी, हे उत्तर जपून ठेवा. ती जालन्याची असल्याचं सरकारनंच लिहून दिलंय."

* * *

ह्यानंतरचा किस्सा म्हणण्यासारखा नाही. पण तो गाळला तर बाकीचे मला खोटे वाटतील.

शांताला मुलगा झाला होता. त्याची नोंद एका फेरीत झाली, कुणी काही विचारलं नाही. मुलगा इथला, आई परकी. अशात जोधपूरहून कुणी पाहुणे आले आणि त्यांनी निरोप आणला, की शांताची आई अंथरुणाला खिळली आहे आणि लेकीची आठवण काढते.

दुपारी ती लेकराला मांडीवर घेऊन माझ्या जिन्यात बसली. मराठी माझ्याकडूनच शिकली होती, त्यामुळे माझ्याशी मराठीतच बोलायची.

"भाभीजी, जाऊ का?"

मी तिच्याजवळ पायरीवर बसले. पासपोर्टची मुदतही संपली होती.

"जायचं तर गवरी म्हणून जावं लागंल," ती म्हणाली. "गवरी तर हरवलीया. सापडली की तिला परत येऊ देणार न्हाईत. अन् शांता म्हणून कुठून जाऊ? शांताला तिकडं कुणी वळखत न्हाई." मग लेकराचं टोपरं नीट करत म्हणाली, "मायला तर शांता हे नाव बी ठावं न्हाई."

ती गेली नाही. आई गेल्याचं कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. मला त्या दिवशी सरकारचा राग आला, बापूजींनी दिलेल्या शब्दाचाही आला. माझं माहेर जालन्याजवळच्या टेंभुर्णीला. मनात आलं की पिशवी उचलून मी मोटारीत बसायची आणि जेवणवेळेपर्यंत आईपुढे जाऊन उभी राहायची. त्यानंतर कितीतरी दिवस माहेरी निघताना मी शांताला सांगायचं टाळत होते.

* * *

मग नागरिकत्वाचा कायदा झाला. भारतीय माणसाशी लग्न झालेल्या बाईला अर्ज करून नाव नोंदवता येईल, असं आमच्या ह्यांनी पेपरात वाचून दाखवलं. आम्हाला वाटलं, सुटलो.

पेशकार म्हणाले, "पहिले नवरा भारतीय हाय हे दाखवा."

मोहन जन्मला जालन्यात, पण त्याचा कागद नव्हता. तेव्हा कुठे कोण जन्माचे कागद करत होतं? घरभर शोधल्यावर बापूजींच्या पेटीतून एक दाखला निघाला. ते मुल्की आहेत, म्हणजे निजामाच्या राज्याचे रहिवासी आहेत, असा उर्दू शिक्क्याचा दाखला. बापूजींनी तो मोठ्या अभिमानाने पुढे ठेवला.

पेशकारांनी उलटसुलट पाहिला. "कागद असली हाय. पण ह्या कागदावरचं राज्यच आता न्हाई. मंग तुम्ही कुठले?"

बापूजींनी घरी येऊन दाखला परत पेटीत ठेवला. त्यांना ते फार लागलं. गल्लीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला कुणी असं विचारल्यावर लागायचंच. काकीजी म्हणाल्या, "म्हंजे ह्या घरात कुठल्या तरी देशाचा धड कागद असलेली एकटी सूनच. मंग तिच्याच पासपोर्टावर आपली बी नावं चढवा."

शेवटी आमच्या ह्यांनी मोहनचा शाळेचा दाखला काढून दिला आणि त्यावर काम भागलं. त्यांचा स्वतःचा विद्यार्थी भारतीय निघाला याचा त्यांना फार आनंद झाला होता.

* * *

हे होतं न होतं तोच राज्य बदललं. आम्ही हैदराबाद राज्यात होतो ते मुंबई राज्यात गेलो. पेशकारांनी घरी येऊन सांगितलं, की फायली हैदराबादला आहेत, त्या आता मुंबईच्या बाजूला येतील, मग बघू.

काकीजी उंबऱ्यात बसून हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आपुन ह्या उंबऱ्यावरून हाललो न्हाई, तर आपलं राज हाललं. अन् जी पोर एवढा मुलूख हिंडून आली, ती म्हणं अजून आलीच न्हाई."

 पेशकारांनी पान मागून घेतलं.

* * *

फायली आल्या. तिन्ही एकत्र आल्या हेच नवल. आता एकच गोष्ट राहिली होती. पासपोर्टवरची गवरी आणि घरातली शांता एकच, हे कुणीतरी शपथेवर सांगायचं. मोहनचं चालेना, तो नवरा, त्याला बायको हवीच असणार. ती आली तेव्हा हमी बापूजींनी दिली होती, म्हणून ओळखही त्यांनीच पटवायची असं वरून आलं.

पेशकारांनी मजकूर तयार ठेवला होता. 'मी सदर बाईस चेहऱ्याने ओळखतो. पासपोर्टवरील फोटो तिचाच आहे.' बापूजींनी टाक हातात घेतला, वाचलं आणि टाक खाली ठेवला.

"चेहऱ्यानं न्हाई वळखत," ते म्हणाले. "चेहरा मी बघितलाच न्हाई."

"शेठ, सगळे असंच लिहितात. करा सही."

"सगळे लिवत असतील. मी शपथेवर खोटं न्हाई लिवणार."

पेशकार वैतागले. "चार वर्षं घरात हाय. मंग वळखता तरी कशानं?"

बापूजींनी विचार केला. "जेवताना मला किती फुलके पायजेत ते मी सांगत न्हाई. पुरे झालं की तिचा हात आपोआप थांबतो. दुसऱ्या कुणाचा थांबत न्हाई. तिच्या सासूचा बी न्हाई."

"हे मी कुठं लिहू?" पेशकार म्हणाले, आणि कागद परत ठेवून दिला.

घरात मोठं भांडण झालं. मोहन म्हणाला, तुमच्या खरेपणापायी माझी बायको सरहद्दीपार जाईल आणि लेकरू इथं राहील. काकीजी म्हणाल्या, बोलावते तिला, एकदा बघून घ्या आणि मोकळे व्हा. बापूजी म्हणाले, "रीत माझ्या एकट्याची हाय का? तिची बी हाय. तिला कुणी इचारलं का?"

कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मी विचारलं. शांता पीठ मळत होती. ती म्हणाली, "मला ठिवून घ्यायचं म्हणून त्यांनी खोटं बोलावं, हे मी कोणत्या तोंडानं म्हणू? अन् तेच तोंड त्यांना दाखवू तरी कसं?"

मला त्या दोघांचाही राग आला. एकमेकांशी एक शब्द न बोलणारी ही माणसं, पण हट्टात एकमेकांच्या अगदी बरोबरीची होती. काकीजींनी बापूजींशी बोलणं टाकलं, मोहन दुकानातच जेवू लागला, आणि पेशकारांनी सांगितलं की आता थेट औरंगाबादला साहेबांपुढे जावं लागेल. तिथे जे होईल ते शेवटचं.

* * *

औरंगाबादला आम्ही आगगाडीने गेलो. बापूजी, मोहन, शांता आणि मी. लेकराला काकीजींपाशी ठेवलं होतं. 

साहेबांची कचेरी वरच्या मजल्यावर होती, दगडी जिन्याने चढून जायचं. बापूजी भिंतीला हात लावून, एकेक पायरी निरखून चढले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या चष्म्याच्या काचा जाडजूड झाल्या होत्या. तो काढला की त्यांना ज्वारी आणि गहू सारखेच. दुकानातून घरात जातानाही चष्म्याशिवाय भिंतीवर आपटायचे.

मोहनला शिपायाने खालीच थांबवलं. आम्ही तिघं आत गेलो. साहेब तरुण होते, मुंबईकडून बदलून आलेले. बोलणं मऊ, पण कामात चोख. त्यांनी बापूजींना खुर्ची दिली, शपथ दिली, आणि पासपोर्ट उघडून फोटोवर बोट ठेवलं. फोटोत घुंगट मागे सारलेली, घाबरलेल्या डोळ्यांची पोर होती.

"आजोबा, मला दुसरं काही नको," साहेब म्हणाले. "हा फोटो आणि या बाई एकच आहेत का, एवढंच बघून सांगा. हो म्हणालात तर मी शिफारस लिहितो. नाही म्हणालात, किंवा सांगता येत नाही म्हणालात, तर मुदत संपलेली परदेशी बाई म्हणून मला आजच हुकूम काढावा लागेल. माझ्या हातात तिसरं काही नाही."

 बापूजी फोटो डोळ्यांशी नेऊन बराच वेळ बघत राहिले. फोटो बघायला रीत आड येत नव्हती. मग त्यांनी पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि मान खाली घातली.

"आजोबा, बाईंकडेही बघावं लागेल."

बापूजींची मान वर होईना. मी शांताचा हात धरला होता. तिने तो सोडवून घेतला. दोन्ही हातांनी घुंगट धरला आणि मागे सारला, पार खांद्यापर्यंत. मी तिच्याकडे बघत राहिले. ती सासऱ्यांकडे बघत होती.

बापूजींना ओढणीची सळसळ ऐकू आली असावी. त्यांनी मान खालीच ठेवून कानावरचा चष्मा काढला. सावकाश घडी केली. कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. आणि मग मान वर करून त्यांनी शांताच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं, डोळे न मिटता, नीट, सवडीने, धान्याचा नमुना बघतात तसं.

"होय," ते म्हणाले. "हीच. त्या दिवशी माझ्या घरी आल्ती, तीच ही माझी सून. शपथेवर सांगतो."

साहेबांनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग कोटाच्या खिशाकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि लिहायला सुरुवात केली.

पुढे तिचं प्रमाणपत्र रीतसर आलं. त्यावर 'शांता ऊर्फ गवरी' असं लिहिलं होतं आणि गोरी कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. पण ते नंतरचं.

त्या दिवशी आम्ही साहेबांना नमस्कार करून बाहेर आलो. मोहन खाली अंगणात उभा राहून वर बघत होता. बापूजी जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबले. चष्मा अजून खिशातच होता आणि शांताचा घुंगट अजून खांद्यावरच होता. त्यांनी पुढे पाय टाकला, परत घेतला आणि हाताने भिंत चाचपू लागले. मी त्यांना धरायला पुढे झाले.

तेवढ्यात माझ्या बाजूने आवाज आला, "बापूजी, म्होरं पायरी हाय."

बापूजींचा भिंतीवरचा हात थांबला. ते आवाजाच्या दिशेला वळले नाहीत. समोर बघतच त्यांनी पाय खाली टेकवला.

"बराबर," ते म्हणाले. "सांगत राह्य, बेटा."